वीतभर स्पष्ट

“आधी ट्रायपॉड घे. मग उजेड बघ. कॅमेरा सगळ्यात शेवटी, आणि तोही वापरलेला चालेल.”

दुकानाच्या काउंटरपाशी उभी असताना मला मास्तरांचा आवाज ऐकू आला. लग्नाआधी सहा वर्षं मी त्यांच्या फोटो स्टुडिओत काम केलं. ते एक गोष्ट एकदाच सांगायचे आणि पुन्हा विचारलं तर चष्मा काढून नुसतं बघायचे. 

शेजारी माझे धाकटे दीर उभे होते. भाऊजींनी गेले तीन आठवडे जेवता जेवता, दाढी करता करता मोबाइलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहिले होते. त्यांच्या हातात एक आखूड, जाड लेन्स होती आणि ते ती तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून उभे होते.

“वहिनी, ही बघा. एक पॉइंट चार. अंधाऱ्या खोलीत मांजर बसली असेल ना, तर तिच्या मिशा मोजता येतील.”

“आपल्याला मांजर कुठे दाखवायचीय?” मी म्हटलं.

दुकानदार हसला. भाऊजी हसले नाहीत.

आम्हाला दाखवायचे होते वन्संचे हात. वन्सं म्हणजे भाऊजींची मोठी बहीण, माझी नणंद. त्या जन्मापासून बहिऱ्या. बहिऱ्या मुलांच्या शाळेत त्या अकरा वर्षं मदतनीस होत्या. म्हणजे मुलांना खुणांची भाषा त्याच शिकवायच्या, फक्त पगारपत्रकावर शिक्षिका असं लिहिलेलं नसायचं. आता शाळा चालवणाऱ्या संस्थेनं नवा वर्ग काढायचं ठरवलं होतं. ज्यांच्या बाळाला ऐकू येत नाही असं नुकतंच कळलंय अशा आईबापांसाठी. त्यांना घरबसल्या पाहता यावेत म्हणून खुणांचे वीस छोटे धडे चित्रित करायचे होते. धडे संस्थेच्या मंडळींना पसंत पडले तर तो वर्ग कायमचा वन्संचा. नाही पडले तर बाहेरून एक बाई यायच्या होत्या. त्यांना ऐकू यायचं, बोलता यायचं, आणि खुणा त्यांनी पुस्तकातून शिकल्या होत्या.

संस्थेनं दिलेल्या रकमेत आमचा जुनाच कॅमेरा ठेवून एखादी गोष्ट चांगली घेता आली असती, नाहीतर दोन बऱ्यापैकी.

“दोन दिवे घेऊ,” मी म्हटलं. “आणि एक धड ट्रायपॉड. आपल्याकडचा मान टाकतो. लेन्स आहे ती चालेल.”

“ती?” भाऊजी म्हणाले. “ती तर कॅमेऱ्यासोबत फुकट आलेली. आणि ट्रायपॉडवरचं चित्र म्हणजे ओळखपत्रावरचा फोटो, वहिनी. माणूस जिवंत आहे एवढंच कळतं.” मग त्यांनी काउंटरवरचा गिंबल उचलला. मोटर बसवलेली ती मूठ. तिच्यावर कॅमेरा बसवून चालत सुटलं तरी चित्र हिंदकळत नाही. “हे बघा. ताई बोलतेय आणि कॅमेरा तिच्याभोवती हळूच फिरतोय. मंडळी बघत राहतील.”

भाऊजींचा हेतू चांगला होता. त्यांना बहीण सुंदर दिसायला हवी होती. लहानपणापासून लोक तिच्याकडे बघून चुकचुकायचे, ते त्यांनी पाहिलेलं होतं.

मला अजून बोलता आलं असतं. पण त्या आठवड्यात मी तीन समारंभ उभ्यानं चित्रित केले होते, गुडघे रात्रंदिवस ठणकत होते, आणि वाद घालायला जी ताकद लागते ती मी घरीच विसरून आले होते. “घ्या,” म्हटलं आणि स्टुलावर टेकले.

माझा एक नेम आहे. सकाळी सहा ते साडेसात मी बोलत नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षापासून. त्यातली पहिली वीस मिनिटं जप, उरलेला वेळ घरकामच, फक्त तोंड बंद. यांची नोकरी बाहेरगावी, भाऊजी सातच्या आधी उठत नाहीत, त्यामुळे माझ्या मौनाचा कोणाला त्रास नव्हता. वन्संना तर मजाच होती. दोन बोटं ओठांवर आडवी ठेवली की आमच्या घरात मी. त्यांनी ठेवलेलं माझं नाव ते.

आणि खरं सांगायचं तर त्या दीड तासात आमच्या दोघींच्या गप्पा रंगायच्या. हातांनी. शेजारणीचं नवं जावई प्रकरण, शाळेतल्या शिपायाचा संप, सगळं. दुकानातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्सं शेंगा निवडत बसल्या होत्या. मी काहीतरी लांबलचक सांगत होते. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

“एक विचारू?” त्यांचे हात म्हणाले. “तुझं मौन आहे ना?”

मी मान डोलावली.

“मग ही बडबड कसली चाललीय? अख्ख्या दिवसात तू सगळ्यात जास्त याच वेळेला बोलतेस. देवाला वाटतं का, हात म्हणजे बोलणं नाही?”

त्या हसत होत्या. पुढच्या मिनिटाला त्या शेंगांकडे वळल्या आणि विसरूनही गेल्या. मला मात्र ते लागलं. पाच वर्षं मी त्यांच्या बोलण्याला बोलणं धरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्या दीड तासात हातही आवरले. त्यांना वाटलं मी रुसले. साडेसातला मी कारण सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण मला दिसलं की त्यांना बरं वाटलं होतं.

चित्रीकरण शाळेत होतं. पूर्वेकडच्या वर्गाला तीन मोठ्या खिडक्या आहेत. साडेसहा ते आठ तिथे सरळ ऊन येतं. आठनंतर मुलं येतात आणि वर्ग लागतो. म्हणजे आमच्याकडे रोज तेवढाच वेळ. दिवे घेतले नव्हते, तेव्हा खिडक्यांवाचून गत्यंतर नव्हतं. तीन सकाळी मिळून वीस धडे उरकायचे होते.

पहिल्या दिवशी भाऊजींनी सवयीनं बॅगेतून माइक काढला. वन्संनी तो बघितला, हातात घेतला, कानाला लावला आणि गंभीरपणे मान हलवली, की काही ऐकू येत नाही, बिघडलाय. भाऊजी लाजून लाल झाले.

मी वन्संच्या समोर, कॅमेऱ्याच्या बाजूला बसायचे. मांडीवर छोटा पडदा. कॅमेऱ्यात जे जातंय ते त्यात दिसतं. भाऊजी गिंबल धरून पावलं टाकायचे, मांजरीसारखी. काम असं ठरलं होतं की मी पडद्यावर लक्ष ठेवायचं, कारण आम्हा तिघांत खुणाही कळणारी आणि कॅमेराही कळणारी मी एकटीच. भाऊजींना बहिणीशी घरगुती बोलण्यापुरत्या खुणा येत, धड्यांतल्या बारीक खुणा येत नसत.

चित्र देखणं होतं, यात शंका नाही. वन्संचा चेहरा नुकताच धुतल्यासारखा. मागचा फळा, बाकं, भिंतीवरचे तक्ते, सगळं लोण्यासारखं वितळलेलं. अशा लेन्सचा तोच गुण असतो. पूर्ण उघडली की वीतभर जागेतलंच तिला स्पष्ट दिसतं. त्याच्या पुढचं आणि मागचं ती सोडून देते. भाऊजींनी ती वीत वन्संच्या डोळ्यांवर ठेवली होती.

पण खुणा करताना हात शरीराच्या पुढे येतात. चांगले हातभर पुढे.

पहिल्याच धड्यात मला ते दिसलं. हात छातीपासून पुढे आले की त्यांच्या कडा विरायच्या. खूण वेगानं केली की बोटांचा पंखा व्हायचा. आमच्या शाळेच्या खुणांत भूक आणि ताप यांच्यात फरक एका बोटाचा आहे, ते वाकलंय की सरळ. पडद्यावर ते बोटच नव्हतं, तिथे एक फिकट डाग होता. त्यात भाऊजींनी कॅमेऱ्यातली स्थिरतेची सोयही चालू ठेवली होती, गिंबल असताना तिची गरज नव्हती तरी. ती चालू केली की कॅमेरा चित्राच्या चारही कडा थोड्या कापतो आणि त्या मोकळ्या जागेत हादरे जिरवतो. वन्संनी ‘घर’ म्हणताना हात पसरले की बोटांची टोकं चौकटीबाहेर.

पहिला धडा संपला. वन्संनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. वाचता येतंय का?

सात वाजायला दहा मिनिटं होती. माझे हात मांडीवर होते.

मी मान डोलावली.

तेवढीही डोलवायला नको होती. मान हलवण्याइतकं मौन मोडायची माझी तयारी होती, आणि ‘थांबा’ म्हणण्याइतकी नव्हती. नेमाचं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. दुकानात माझं कोणी ऐकलं नाही, आता ज्यांची लेन्स त्यांनी बघावं, असंही मनात कुठेतरी होतं. आणि गुडघे होते. पुन्हा सगळं मांडायचं, पुन्हा समजावायचं, या विचारानंच मी दमले होते. तेवढ्यात भाऊजींनी दुसरा धडा सुरू केला.

साडेसातला माझं तोंड उघडलं तेव्हा भाऊजी वन्संना कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काड्यापेटीएवढ्या पडद्यावर काम दाखवत होते. एवढ्याशा पडद्यावर सगळंच स्पष्ट दिसतं. वन्सं वाकून बघत होत्या. फोटो म्हटला की त्या आयुष्यभर तोंड फिरवत आल्या.

“ही मी आहे?” त्यांनी विचारलं. मग बोटानं पडदा पुसून पुन्हा बघितलं.

मी वायर गुंडाळत राहिले. उद्या सांगू, म्हटलं. उद्या सकाळी पुन्हा मौन होतं. तिसऱ्या दिवशी वीस धडे पूर्ण झाले.

शनिवारी दुपारी संस्थेच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा लावला होता. अध्यक्ष, मुख्याध्यापिका, आणखी दोघं, आणि शाळेचे एक जुने विद्यार्थी. ते शिंपी होते, वयानं साठीचे, बहिरे, गळ्यात मापाचा टेप तसाच. पहिला धडा सुरू झाला तशी अध्यक्षांनी मान डोलावली. “वा. अगदी टीव्हीवरच्यासारखं झालंय.” भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.

शिंपीकाका पुढे सरकले. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. शेवटी त्यांनी मुख्याध्यापिकांकडे वळून चारपाच खुणा केल्या. मुख्याध्यापिका थबकल्या.

“काय म्हणतात?” अध्यक्षांनी विचारलं.

“म्हणतात, चित्र फार सुंदर आहे.” त्यांनी वन्संकडे पाहायचं टाळलं. “पण बाई मुकी आहे.”

शिंपीकाकांना वाटलं आपण जास्त बोललो. त्यांनी वन्संना नमस्कार केला आणि समजावून सांगितलं, “ओला टॉवेल झटकल्यासारखे हात दिसतात, पोरी. चेहऱ्यावरून कळतं की काहीतरी चांगलं सांगतेयस. काय, ते कळत नाही.”

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी घड्याळ पाहिलं. “सोमवारी सकाळी मला निर्णय कळवायचाय. तोवर नीट करून आणलंत तर बघू. नाहीतर त्या बाईंचं नेमणुकीचं पत्र टाइप होऊन पडलंय.”

म्हणजे फक्त रविवार.

परत येताना भाऊजी लेन्सची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. ओल लागू नये म्हणून त्यांनी तिच्यात बुटांच्या खोक्यांमधून जमवलेल्या त्या छोट्या पुड्या ठेवल्या होत्या. घर यायच्या आधीच ते उतरले. “दुकान पाचपर्यंत असतं,” एवढंच म्हणाले.

घरी वन्संनी चहा टाकला. दोन कप भरले, माझ्यासमोर एक ठेवला आणि समोर बसल्या.

“तू बघत होतीस ना पडद्यावर?”

“हो.”

“तुला दिसलं होतं?”

खोटं बोलायला जीभ लागते, हातांनी खोटं बोलणं मला अजून जमत नाही. “पहिल्याच दिवशी,” मी म्हटलं.

“मग?”

“मौन होतं. तुम्ही म्हणालात ना, हात म्हणजेही बोलणं. म्हणून हातांचंही धरलं.” मग मी थांबले, आणि उरलेलंही सांगितलं. दुकानातलं, गुडघ्यांचं, लेन्सवरच्या रागाचं.

त्यांचे हात बराच वेळ कपाभोवती होते. बहिऱ्या माणसानं हात गुंतवून ठेवले की समोरच्यानं थांबायचं असतं. मी थांबले. चहावर साय धरली.

“माझ्या हातांना तू बोलणं मानलंस,” त्या शेवटी म्हणाल्या. “ते मला आवडलं. घरात दुसऱ्या कोणी कधी मानलं नाही. पण मानलंस तर मग पूर्ण मान. मी तुला विचारत होते. माझं अकरा वर्षांचं काम त्या पडद्यावर होतं आणि मी तुला विचारत होते.”

“चुकलं माझं.”

“हो,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते नाकारलं नाही, हे बरं झालं. मग माझ्या कपाकडे बोट दाखवलं. “पी. गार झाला.”

साडेपाचला भाऊजी आले. पाठीवर एक लांबोडकी पिशवी, हातात दोन खोकी. लेन्स आणि गिंबल देऊन त्या बदल्यात ट्रायपॉड आणि दोन दिवे आणले होते. शिवाय दुकानदाराचं बोलणंही ऐकून आले होते. “तो म्हणाला, त्या बाई पहिल्याच दिवशी हेच सांगत होत्या. मग म्हणाला, पुढच्या वेळी त्यांना एकट्यांनाच पाठवा.”

“पगार देणार का विचारा, रोज त्याच्या काउंटरवर बसते,” मी म्हटलं. भाऊजींना हसू आलं, पहिल्यांदाच त्या दिवशी.

स्वयंपाकघरातलं टेबल आम्ही भिंतीला लावलं. जुनी, फुकट आलेली लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. मी ट्रायपॉडमागे जाणार तर वन्संनी मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. त्यांना वाचणारी व्हायचं होतं. खुणा मी करायच्या, त्या टीव्हीवर बघणार.

“भूक,” मी केलं.

“भूक की ताप?” त्यांनी मान हलवली. भाऊजींना हातानं दाखवलं, लेन्सचं तोंड अजून बंद कर.

लेन्सचं तोंड जितकं बारीक करावं तितकं पुढचं मागचं जास्त स्पष्ट होतं आणि तितकाच उजेड कमी पडतो. भाऊजींनी कॅमेऱ्यावरची चकती एक घर फिरवली. मी पुन्हा केलं. अजून एक घर. आता कडा आल्या, पण खूण वेगानं केली की बोटं अजून लांबत होती. तेव्हा भाऊजींनी प्रत्येक चित्रासाठी कॅमेरा उघडा राहण्याचा वेळ अर्ध्यावर आणला. टीव्ही एकदम काळवंडला. त्यांनी दोन्ही दिवे पूर्ण लावले आणि जवळ ओढले. माझ्या कपाळाला घाम फुटला. मग स्थिरतेची सोय बंद केली, कारण कॅमेरा आता हलणारच नव्हता. चौकट चारही बाजूंनी बोटभर मोठी झाली.

“घर,” मी केलं. दोन्ही हात पूर्ण पसरून.

टीव्हीवर माझ्यामागचा डब्यांचं फडताळ, पुसायचं फडकं, भिंतीवरचा तेलाचा डाग, सगळं लख्ख दिसत होतं. आणि दहाची दहा बोटं.

वन्सं टीव्हीपासून चार पावलं मागे गेल्या. मग दारापर्यंत मागे गेल्या. तिथून त्यांनी मला विचारलं, “डाव्या हाताच्या अंगठीजवळ भाजलंय का?”

“काल. तव्याला लागलं.”

“हेच ठेवा,” त्या भाऊजींना म्हणाल्या.

“ओळखपत्रावरचा फोटो,” भाऊजी पुटपुटले, पण चकतीवर त्यांनी कागदी पट्टी चिकटवली, ती हलू नये म्हणून.

वीस धडे एका दिवसात करायचे होते. रविवारी शाळा बंद, वर्ग आमचाच, पण वन्संचे खांदे दुपारनंतर दुखायला लागतात आणि मग खुणा आखडतात. जेवढं होईल तेवढं सकाळीच व्हायला हवं होतं. दिवे आवरताना वन्संनी माझ्यासमोर येऊन दोन बोटं ओठांवर आडवी ठेवली. माझं नाव घेतलं, की प्रश्न विचारला, ते नीट कळलं नाही. म्हणून मी पूर्ण उत्तर दिलं.

“उद्या प्रत्येक वाक्यानंतर सांगीन. जे दिसलं नाही ते लगेच. भाऊजींना कंटाळा आला तरी, तुम्हाला राग आला तरी.”

“आणि मौन?”

“ते माझं मी बघते.”

“बघ हां. मी रागावते बरं का, चुका काढल्या की.”

“माहितीये. अकरा वर्षं एकाच घरात आहोत.”

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं ठेंगणं स्टूल उचलून सामानात ठेवलं.

रविवारी मी चारला उठले. जप केला. साडेपाचपर्यंत, म्हणजे नेहमीचाच दीड तास, बोलले नाही, हातांनीही नाही. तसं त्या वेळी बोलायला जागं कोण होतं. गुडघ्यांना तेल लावलं आणि पट्टे बांधले. चहाचं पाणी मोजून ठेवलं, म्हणजे दोघं उठली की नुसता गॅस लावायचा. वर्गाच्या खिडक्यांच्या काचांवर बोटांचे ठसे आहेत ते मला तीन दिवस दिसत होते. ऊन यायच्या आत त्या पुसायच्या होत्या, फळा ओल्या फडक्यानं साफ करायचा होता आणि वन्संच्या उंचीएवढा ट्रायपॉड लावून ठेवायचा होता. ती दोघं साडेसहाला येणार होती.

वन्संच्या खोलीचं दार किलकिलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, दोन्ही हात उशीखाली.

मी ट्रायपॉडचा पट्टा खांद्यावर घेतला. एका हातात दिव्यांची पिशवी, दुसऱ्या हातात ते स्टूल. बाहेरचं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि एकेक पायरी उतरत शाळेच्या रस्त्याला लागले.